घडणावळ

“हजार सोन्याची नाणी, दोन दिवस, आणि तुझे ८० एक्सपी,” ताईने झेरॉक्सच्या बाडातल्या एका ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवले आणि खोलीतल्या गप्पा थांबल्या. नाणी आम्ही आधीच मोजून ठेवलेली होती आणि दोन दिवस थांबायला कोणाचीच ना नव्हती. ती तिसरी गोष्ट मात्र आमच्या हिशेबात कुठेच नव्हती. जिच्या खेळातल्या पात्राचे ते ८० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, जाणार होते, त्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने एकदाच विचारले, “म्हणजे माझ्या शर्वरीचे? पण तलवार तर हिच्या दुर्गेला मिळणार आहे ना?” ताई म्हणाली, “जी घडवते तिचेच जातात गं.” मैत्रिणीने पेन्सिल उचलली, १०,३४० हा आकडा खोडरबराने पुसला आणि त्या जागी १०,२६० लिहिला.

ही २००७ सालची गोष्ट आहे. पुण्यातल्या मुलींच्या वसतिगृहात आम्ही पाच जणी दर शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत असू. त्या खेळाची ३.५ ही आवृत्ती २००३ साली आली होती आणि तिची जाडजूड रंगीत पुस्तके विकत घेणे आमच्या महिन्याच्या पैशांत बसणारे नव्हते; परंतु त्याआधीच, २००० साली, विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकांनी नियमांचा मोठा भाग ओपन गेम लायसन्सखाली सर्वांसाठी खुला केला होता, त्यामुळे संगणकावरून उतरवलेल्या पानांच्या झेरॉक्स काढून, त्यांना स्पायरल बाइंडिंग करून आणले की खेळ सुरू करता येई. किती एक्सपीला पात्राची लेव्हल वाढते ते कोष्टक तेवढे त्या मोफत पानांत नव्हते; ते ताईने तिच्या मावसभावाच्या पुस्तकावरून वहीत उतरवून आणले होते. वीस बाजूंचा फासा आम्हाला तेव्हा कुठे मिळाला नाही, म्हणून हाउजीच्या डब्यातल्या १ ते २० आकड्यांच्या सोंगट्या एका बटव्यात घालायच्या आणि न बघता त्यांतली एक काढायची, अशी पद्धत आम्ही पाडली होती. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली ताई आमची डीएम होती, आणि नियमाचा शब्द ती कधी वाकू देत नसे.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेते, डीएम त्या पात्रांभोवतीचे जग उभे करते, त्यांच्यापुढे संकटे मांडते, आणि त्या संकटांतून पात्र तगून बाहेर पडले की त्याला एक्सपी मिळतात. एक्सपी म्हणजे त्या पात्राने जगून मिळवलेला अनुभव, आकड्यांत मांडलेला. १०,००० एक्सपी झाले की पात्र पाचव्या लेव्हलला जाते, १५,००० झाले की सहाव्या, आणि त्या लेव्हलवरच त्याचे बळ, त्याची विद्या आणि त्याची जिवंत राहण्याची शक्यता ठरते. नाणी संपतात, शस्त्रे मोडतात, पण अनुभव हा पात्राचा स्वतःचा असतो आणि तो कोणाला काढून देता येत नाही, असे आम्ही तोवर धरून चाललो होतो.

त्या रात्री मला सोनाराची पावती आठवली. आजीची मोहनमाळ मोडून आईने पाटल्या करून घेतल्या तेव्हा मी तिच्याबरोबर दुकानात होते. पावतीवर सोन्याचे वजन आणि त्या दिवसाचा भाव वर होता, त्याखाली घट होती आणि सर्वांत खाली घडणावळ. आई भावावर एक शब्दही बोलली नाही, कारण तो सोनाराच्या हातात नव्हता, घडणावळीवर मात्र तिने बराच वेळ घासाघीस केली, आणि सोनारकाका काहीसे दुखावून म्हणाले, “वहिनी, बाकीचे सगळे सोन्याचे आहेत, एवढेच माझ्या हाताचे आहेत.” आईने पुढे काही न बोलता पैसे दिले. वसतिगृहाच्या खोलीत ताईने वाचलेले ८० एक्सपी मला त्या शेवटच्या ओळीसारखे वाटले. इथे ती ओळ गिऱ्हाईक भरत नव्हते, घडवणारी स्वतःच्या अंगातून काढून भरत होती, आणि मी त्या व्यवहारातले गिऱ्हाईक होते.

आता त्या तलवारीची गोष्ट पहिल्यापासून सांगते, कारण जादूच्या आधी लोखंड येते. या नियमांत जादू कोणत्याही तलवारीत घालता येत नाही. ती तलवार मास्टरवर्क, म्हणजे अव्वल कारागिरीची, असावी लागते. साध्या तलवारीवर मागाहून मेहनत घेऊन तिला मास्टरवर्क करता येत नाही, ती पहिल्या घावापासून तशी घडवावी लागते. माझी दुर्गा लढवय्यी होती आणि मी तिला शस्त्रे घडवण्याचे कौशल्य दिलेले होते, म्हणून आम्ही ठरवले की तलवार विकत न घेता घरचीच करायची.

साध्या लाँगसोर्डची किंमत १५ सोन्याची नाणी, म्हणजे चांदीची १५०. त्या किमतीचा तिसरा हिस्सा, ५ नाणी, कच्च्या मालाला मोजायचा. मग आठवड्याला एक सोंगटी काढायची, तिच्यात कौशल्याचा आकडा मिळवायचा, आणि बेरीज १५ पर्यंत पोहोचली तर त्या बेरजेला पुन्हा १५ ने गुणायचे. गुणाकार येईल तेवढ्या चांदीच्या नाण्यांचे काम त्या आठवड्यात झाले असे धरायचे. बेरीज चारपर्यंत कमी पडली तर आठवडा फुकट गेला, एवढेच. पाच किंवा अधिकने कमी पडली तर अर्धा कच्चा माल बिघडला आणि तो पुन्हा विकत आणायचा. हा बिघडण्याचा नियम मला पहिल्यापासून आवडतो. ऐरणीवर तापलेल्या पात्याला तडा जाऊ शकतो, हे या कागदी खेळाने विसरू दिले नाही.

मास्टरवर्कपणा हा नियमांनी एक वेगळीच वस्तू असल्यासारखा मोजला जातो. तलवार १५ नाण्यांची, आणि तिच्यातली अव्वल कारागिरी ३०० नाण्यांची. तिचा कच्चा माल वेगळा १०० नाण्यांचा, आणि तिच्यासाठी बेरीज २० व्हावी लागते. दुर्गेचे कौशल्य, तिची चांगली हत्यारे धरून, ८ होते. मनावर दडपण नसेल आणि घाई नसेल तर नशिबावर न सोडता सोंगटीचे १० धरायची मुभा या खेळात आहे, त्याला आम्ही ‘दहा धरणे’ म्हणत असू. दहा आणि आठ, अठरा. दोन कमी पडत होते, आणि बटव्यात हात घालून प्रत्येक आठवड्याला अर्धा माल बिघडण्याचा धोका पत्करण्याइतकी नाणी आमच्याजवळ नव्हती.

तेव्हा मैत्रीण म्हणाली, “मी भाता ओढते की.” शर्वरी विझार्ड, म्हणजे मंत्रविद्या शिकलेली, होती, आयुष्य पोथ्यांत घातलेली, पण जवळ उभी राहून मदत करणाऱ्याने १० पर्यंत बेरीज नेली तर मुख्य कारागिराला २ मिळतात असा नियम आहे, आणि शर्वरीची बुद्धी एवढी होती की शिकलेले नसतानाही सोंगटी अगदीच लहान निघाली नाही तर तिचे काम भागत होते; मदत करणाऱ्याला दहा धरता येत नाहीत. अठरा आणि दोन, बरोबर वीस. ताईने पानाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. वीस गुणिले पंधरा म्हणजे ३००; हे दीडशेच्या दुप्पट, म्हणून पाते अर्ध्या आठवड्यात होईल. वीस गुणिले वीस म्हणजे आठवड्याला ४००. तीन हजार चांदीच्या नाण्यांची कारागिरी साडेसात आठवड्यांत होईल. दोन्ही मिळून बरोबर आठ आठवडे.

साडेतीन दिवसांत तलवार तयार होते, आणि ती चांगली होण्यासाठी पुढे साडेसात आठवडे लागतात. एवढे करून हाती काय येते, तर वार लागण्याच्या आकड्यात एकाची भर. झालेली जखम तसूभरही खोल होत नाही. विसांतून एकदा, जिथे साधी तलवार निसटती हुकली असती, तिथे ही लागेल. त्या वयात मला हे प्रमाण अवास्तव वाटले होते. पुढे कामाला लागल्यावर, कोणतीही गोष्ट चालण्याजोगी करायला किती वेळ लागतो आणि ती नीट करायला किती, हे स्वतः मोजू लागले, तेव्हा हे आकडे लिहिणाऱ्या माणसाने कधीतरी हातांनी काहीतरी केलेले असावे असे मला वाटू लागले.

बहुतेक ठिकाणी हे आठ आठवडे ‘आठ आठवडे गेले’ या एका वाक्यात संपतात. ताईने पहिला आणि शेवटचा दिवस आमच्याकडून खेळवून घेतला. पहिल्या दिवशी शर्वरीच्या हाताला भात्याचे फोड आले. शेवटच्या दिवशी दुर्गेने पाते लालभडक तापवले, पाणी दिले, आणि वाफ खाली बसेपर्यंत कोणी काही बोलले नाही. खोलीतही कोणी बोलले नाही. कॉटवर मांडी घालून बसलेल्या पाच मुली एका न दिसणाऱ्या पात्याकडे पाहत होत्या.

या नियमांतला एक दोष मात्र मला तेव्हाही खटकत असे आणि आजही खटकतो. वेळ इथे किमतीवरून काढलेला आहे. संपूर्ण पोलादी चिलखताची, फुल प्लेटची, किंमत १,५०० सोन्याची नाणी आहे आणि त्याचा अवघडपणा १८. आमच्या वीसच्या बेरजेने ते ४२ आठवड्यांत झाले असते, आणि एखाद्या चिलखताला तेवढा काळ लागावा हे समजण्यासारखे आहे. पण तोच आकार, तेवढेच कष्ट, फक्त धातू महाग, एवढ्यावरून कामाचे आठवडे वाढावेत हे कोणत्याही कारागिराला पटणार नाही. बाजारात वस्तू कितीला जाते आणि ती करणाऱ्याचा किती जीव जातो, या दोन गोष्टींची सांगड नियमाने फार सहज घालून टाकली आहे.

जादूच्या भागात हीच सांगड निराळे रूप घेते. शस्त्रात जादू घालायची तर विझार्डने त्यासाठीची खास विद्या घेतलेली असावी लागते, आणि अशा विद्या घेण्याच्या संधी फार थोड्या मिळतात. पाचव्या लेव्हलला विझार्डला अशी एक जादा संधी मिळते. शर्वरी त्या वेळी आपले मंत्र अधिक मारक करणारी विद्या घेऊ शकली असती. तिने शस्त्रे आणि चिलखते मंत्रून देण्याची विद्या घेतली, म्हणजे जी स्वतः तलवार उचलत नाही आणि चिलखत घालत नाही, तिने आपली दुर्मीळ संधी दुसऱ्यांच्या शस्त्रांवर खर्च केली. ती का घेतलीस असे मी तिला तेव्हा विचारलेही नाही.

जादूच्या तलवारीची किंमत तिच्या आकड्याच्या, म्हणजे ती वारात जेवढ्याची भर घालते त्याच्या, वर्गावर चढते. एकचीला दोन हजार, दोनचीला आठ हजार, तीनचीला अठरा हजार, आणि पाचचीला पन्नास हजार. घडवणाऱ्याने त्या किमतीच्या अर्धी नाणी घालायची, दर हजाराला एक दिवस, रोज आठ तास, शांत जागी बसायचे, आणि किमतीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढे स्वतःचे एक्सपी द्यायचे. म्हणूनच आमच्या एकच्या तलवारीला ८०. पाचच्या तलवारीला पंचवीस हजार नाणी, पन्नास दिवस आणि २,००० एक्सपी, आणि घडवणारा निदान पंधराव्या पातळीचा साधक हवा. एका गोष्टीला नियमाने बांध घातला आहे: लेव्हल खाली जाईल एवढे एक्सपी कोणालाही देता येत नाहीत. दहा हजारांच्या खाली शर्वरी कितीही मनात आणले तरी जाऊ शकत नव्हती. आपल्यातले वरचे देता येते, पाया काढून देता येत नाही, ही तरतूद करणाऱ्याच्या मनात घडवणाऱ्यांविषयी काळजी होती असे मला वाटते.

या सगळ्याच्या पलीकडे बाजाराचा एक साधा नियम आहे, आणि माझ्या मते साऱ्या रचनेची मेख तिथे आहे. या खेळात वस्तू विकली की तिची अर्धी किंमत मिळते. जादूचे दोन हजार धरले तर ते घालायला हजार नाणी लागतात आणि विकताना त्यांचे हजारच मिळतात. वर ८० एक्सपी गेले ते गेलेच. म्हणजे विकण्यासाठी म्हणून अशी वस्तू कोणी घडवणार नाही. ती कोणीतरी वापरणार आहे, त्या कोणाला तरी आपण ओळखतो, आणि त्याच्या जिवाची आपल्याला काळजी आहे, एवढे एकच कारण घडवायला उरते. नियम लिहिताना हे मनात होते की समतोल साधण्याच्या खटपटीत ते आपोआप झाले, हे शोधायला मी कधी गेले नाही. खेळताना मात्र ते ज्याच्या त्याच्या अनुभवाला येते.

मला ते उशिरा आले. आम्ही सातव्या लेव्हलला असताना एका जुन्या गढीच्या तळघरात दोनची लाँगसोर्ड सापडली. मी लगेच म्हणाले, “मग आपली जुनी विकून टाकू या.” ताईने हिशेब सांगितला, जुनीचे १,१५७ मिळतील. मैत्रीण वहीत काहीतरी लिहीत होती, तिने मान वर केली नाही. “तुझीच आहे ती, तुला काय वाटेल ते कर,” एवढेच म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता म्हणूनच मला माझे वाक्य ऐकू आले. भात्याजवळचे आठ आठवडे आणि पुसलेला तो आकडा मी १,१५७ ला मोडीत काढायला निघाले होते.

तोडगा आमच्यातल्या क्लेरिक, म्हणजे देवाच्या नावाने मंत्र म्हणणारे पात्र, खेळणारीने काढला. तिची इरावती आता दुष्टांना भाजून काढणारा पवित्र मंत्र म्हणू शकत होती, आणि तो मंत्र मिळाला तर तलवारीला ‘होली’ हा गुण देता येतो. दुष्टाला वार लागला की सहा बाजूंच्या दोन फाशांची जखम जादा होते. त्यासाठी ज्या मंत्राची गरज आहे तो घडवणाऱ्याला स्वतःला येत नसला तरी दुसऱ्याने शेजारी बसून म्हटला तर चालतो. एक अट मात्र आणखी आहे, घडवणारी व्यक्ती सद्वृत्त असली पाहिजे. नाणी, दिवस, विद्या, एक्सपी या मोजता येणाऱ्या गोष्टींच्या रांगेत अचानक ही अट येते. शर्वरीच्या पानावर ‘गुड’ लिहिलेले होते, तरीही ताईने क्षणभर तिच्याकडे बघितले आणि मगच ‘चालेल’ म्हटले.

एकची होली तलवार तीनच्या तलवारीच्या किमतीची धरतात, अठरा हजारांची. तिच्यात आधीचे दोन हजार होतेच, म्हणून उरलेल्या सोळा हजारांचा हिशेब करायचा: आठ हजार नाणी, सोळा दिवस, ६४० एक्सपी. सापडलेली दोनची तलवार विकून ४,१५७ नाणी आली, बाकीची आम्ही चौघींनी घातली. सोळा दिवस इरावतीला रोज तो मंत्र त्या कामात खर्च करावा लागला, म्हणजे तेवढे दिवस तिच्या स्वतःच्या बचावासाठी तो तिच्याजवळ नव्हता. आणि चौथीची मैना, जी एरवी कुलुपे उघडण्यात रमलेली असे, ती सोळा रात्री दारात पहारा देत बसली. माझ्याकडे या वेळी काहीच काम नव्हते. मी फक्त बघत होते, आणि मैत्रीण पुन्हा खोडरबर घेऊन तो एकच चौकोन पुसत होती.

काही आठवड्यांनी आम्ही तिघी आठव्या लेव्हलला गेलो आणि शर्वरी सातव्यावर राहिली. मला फार अपराध्यासारखे वाटले. पण ३.५ च्या नियमांत प्रत्येक पात्राचे एक्सपी त्याच्या स्वतःच्या लेव्हलवरून काढतात, त्यामुळे एकाच लढाईत मागे राहिलेल्याला पुढच्यांपेक्षा अधिक मिळतात. दोन-तीन शनिवारांत शर्वरी आमच्या बरोबरीला आली. जे दिले ते परत आले असे मी म्हणणार नाही, कारण ते परत मिळेल हे तिला देताना ठाऊक नव्हते; ते कोष्टक फक्त ताईच्या वहीत होते.

नोकरी लागल्यावर शनिवार संपले आणि मी एकटीने संगणकावर खेळू लागले. ११ नोव्हेंबर २०११ ला स्कायरिम आले, आणि त्यातली लोहारकामाची पद्धत इतकी देखणी होती की मी मूळ कथा सोडून कित्येक संध्याकाळी भट्टीपाशी घालवल्या. रिव्हरवुड या लहानशा गावात अल्व्होर नावाचा लोहार आहे. तो पहिल्यांदा लोखंडी सुरी करायला लावतो: लोखंडाची एक लगड आणि चामड्याची एक पट्टी. मग धार लावायच्या चाकावर ती परजायची, मग कातडे कमावून त्याचे शिरस्त्राण करायचे. डोंगरातली खनिजाची शीर कुदळीने फोडायची, ते खनिज भट्टीत वितळवायचे, लोखंड आणि कोरंडम एकत्र केले की पोलाद होते, लांडग्याच्या कातड्यातून चामड्याचा एक तुकडा निघतो आणि त्या तुकड्याच्या चार पट्ट्या पडतात. प्रत्येक पायरी दिसते, ऐकू येते. या जगातले ड्वार्व्हन धातू कोणत्याच खाणीत सापडत नाही. ज्या जमातीला ते करता येत होते ती नाहीशी झाली आहे, आणि तिच्या ओसाड शहरांतले मोडके खांब आणि यंत्रांचे तुकडे पाठीवर आणून, वितळवूनच त्याच्या लगडी मिळतात. दुसऱ्याचे घडवलेले वितळवल्याशिवाय आपले घडत नाही, हे त्या भट्टीपाशी उभे राहिले की मनाला लागते.

तरीही काहीतरी उलटे होते, आणि ते काय हे कळायला मला वेळ लागला. इथे काम बिघडत नाही. सुरी करायला घेतली की होतेच. आणि घडवल्याने अनुभव खर्च होण्याऐवजी वाढतो. प्रत्येक सुरीमागे कौशल्याचा आकडा थोडा पुढे सरकतो, तो शंभरपर्यंत नेता येतो. हे वास्तवाला धरूनच आहे, हात करत राहिल्यानेच बसतो. परंतु त्याचा परिणाम असा झाला की सुरुवातीला लोक, आणि त्यांत मीही होते, कोणालाही नको असलेल्या लोखंडी सुऱ्या शेकड्यांनी पाडू लागले. पुढे एका सुधारणेने वस्तू जितकी मौल्यवान तितके शिकायला अधिक मिळेल असे करण्यात आले, आणि सुऱ्यांचे ढीग थांबले. पण वस्तू कोणासाठी आहे हा प्रश्न तरीही कधी उभा राहिला नाही, कारण तिथे माझ्याखेरीज कोणी नव्हते.

मंत्रून शस्त्र करण्याची तिथली पद्धत मात्र मला अजून अस्वस्थ करते. एखाद्या वस्तूतली जादू शिकायची तर ती वस्तू कायमची नष्ट करावी लागते, हे एक वेळ समजते. पण ती जादू नव्या शस्त्रात घालायला सोल जेम लागतो, आणि त्या रत्नात एका मारलेल्या जिवाचा आत्मा कोंडलेला असावा लागतो; प्राण्यांचा साध्या रत्नात, माणसांचा काळ्या रत्नात. पुढच्या वर्षी आलेल्या डॉनगार्ड या पुरवणीत सोल केर्न नावाचा उजाड प्रदेश आहे, आणि काळ्या रत्नांत वापरले गेलेले आत्मे तिथे भटकताना दिसतात, बोलतात. मी तिथे एकदा गेले आणि त्यानंतर काळे रत्न हातात धरले नाही. जादूच्या वस्तूसाठी कोणाचे तरी काहीतरी जावे लागते, हे दोन्ही खेळ मानतात. एका खेळात ते घडवणारीचे जाते, दुसऱ्यात ज्याला कोणी विचारले नाही त्याचे. हा फरक माझ्या लेखी फार मोठा आहे.

डंजन्स अँड ड्रॅगन्समधूनही घडवणारीच्या एक्सपीची ती ओळ पुढे नाहीशी झाली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत घडवणाऱ्याचे एक्सपी घेणे बंद झाले, आणि ३.५ च्याच पायावर उभ्या राहिलेल्या २००९ च्या पाथफाइंडर या खेळानेही ते सोडून दिले. कारण समजण्याजोगे आहे. सर्वांनी मिळून खेळायच्या खेळात सर्वांसाठी घडवणाराच मागे पडावा, हे अनेकांना अन्याय्य वाटत होते, आणि त्यामुळे घडवण्याची विद्या घ्यायला कोणी धजत नसे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत साध्या वस्तूंचा नियम अगदी सुटसुटीत झाला: अर्ध्या किमतीचा माल आणि रोज पाच सोन्याच्या नाण्यांचे काम, म्हणजे फुल प्लेटला सरळ तीनशे दिवस, सोंगटी नाही आणि बिघडणेही नाही. २०१७ च्या एका पुरवणी पुस्तकाने जादूच्या वस्तूंसाठी अशी अट आणली की लागणारा दुर्मीळ जिन्नस मिळवायला एखाद्या प्राण्याला सामोरे जावे लागेल, आणि ती मला आवडली, कारण तिथे निदान सगळे जण एकत्र बाहेर पडतात आणि जोखीम वाटून घेतात. पण ज्याने अन्याय वाटत होता त्याच ओळीत देणारीचे देणे दिसत होते. ती काढल्यावर वस्तूची किंमत उरली. ती कोणी केली हे पानावर कुठेच उमटेनासे झाले.

आमचा खेळ २००८ च्या उन्हाळ्यात थांबला. ताईचे लग्न ठरले, मैत्रीण पुढच्या शिक्षणाला परदेशी गेली, आणि पात्रांची पाने सांभाळायला म्हणून माझ्याकडे राहिली. गेल्या महिन्यात घर बदलताना ती फाइल वर आली. दुर्गेच्या पानावर जखमांचा चौकोन खोडून खोडून काळपट झालेला आहे, इरावतीच्या आणि मैनेच्या पानांवरही तोच. शर्वरीच्या पानावर तो चौकोन बराच स्वच्छ आहे; तिथे कागद विरला आहे तो एक्सपीच्या जागी, इतका की खिडकीशी धरला तर त्यातून उजेड येतो. त्याच्या कडेला, समासात, तिने प्रत्येक वजाबाकी बारीक अक्षरात टिपून ठेवलेली आहे, आणि ती मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. ८०, दुर्गा, तलवार. ४०, इरावती, चिलखत. ८०, मैना, धनुष्य. ६४०, दुर्गा, तलवार. त्या यादीत शर्वरीच्या नावाची एकही ओळ नाही.